पिन बसली म्हणून काय झालं?

"माफी? मी नाही मागत!" ममतानं हातातली मासे पकडायची जाळी टेबलावर आपटली.

आर्णीला ममताच्या बाबारावकाकांचं कृषी केंद्र होतं. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस फस्त केलेला, त्यामुळे दिवाळी असूनही क्वचितच कुणी काही विकत घेत होतं. लोक यायचे, बाकावर टेकायचे आणि दुकानातल्या काचेच्या टाकीतले मासे बघत बसायचे. टाकीवरचा एलईडी दिवा मात्र कालपासून घडीघडी विझत होता, आणि काकांनी चारचौघांत थेट पुतणीचं नाव घेतलं होतं.

"टाकी कोणं धुतली? तूनं! पाणी गेलं दिव्यात. कबूल कर, नाही तं सुट्टी संपली समज. उद्याच कळंबले घरी पाठवतो!"

"पाणी गेलं असतं तं दिवा मेला असता. हा तं आपोआप परत लागते! काहून?"

असं का होतं ते शोधायचंच, असं तिनं ठरवलं. मग ममता, चुलतभाऊ सलील आणि शेजारचा विक्की टाकीपाशी पहाऱ्याला बसले. दिवा विझला रे विझला, तसा ममतानं हात लावून पाहिला. दिवा थंड, वायर थंड, पण सॉकेटमधला अडॅप्टर...

"अगाई! तवा झाला हा!"

"म्हणजे तापला की बंद पडते अन् थंडा झाला की सुरू!" विक्की ओरडला.

दिव्यावर लिहिलं होतं, १२ व्होल्ट, २ अँपिअर. अडॅप्टरवर, १२ व्होल्ट, १ अँपिअर. निम्म्या ताकदीचा गडी दुप्पट ओझं वाहत होता!

सलीलनं कपाळावर हात मारला. "हा तं फवारणी पंपाचा चार्जर! परवा बाबांनी गिऱ्हाइकाले पंप चालवून दाखोला, त्यात अदलाबदल झाली अन् टाकीचा अडॅप्टर त्याच्या पिशवीत गेला!"

ममताच्या अंगाची नुसती आग झाली. चूक काकांची आणि माफी तिनं मागायची!

काकांना सांगितलं तर ते हसले. "पिन बसली होती ना? मंग! कमी पडते तं मोठा लावू." जुन्या अडॅप्टरांच्या खोक्यातून त्यांनी चोवीस व्होल्टचा काढला. ममतानं दिव्याची वायर मुठीत घट्ट धरली.

"सोड!"

"नाही सोडत! चोवीसनं दिवा जळून जाईन, अन् नाव पुन्हा माझंच घ्यान! बारा व्होल्टच्या पंपाले तुम्ही चोवीसची बॅटरी लावता का, काका?"

कसे लावतील? काकांनी चोवीसचा परत खोक्यात टाकला. तोवर ममताची मूठ सुटली नाही.

आता खोकं पोरांच्या ताब्यात आलं. विक्कीनं बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा शोधला. "हा घे!"

"थांब, अडॅप्टरवरची खूण पाह्य. आपल्या दिव्याले पिनेच्या मधात अधिक पाहिजे. याच्या मधात उणे आहे. उलटा!" ममतानं त्याला अडवलं.

शेवटी बारा व्होल्ट, तीन अँपिअरचा सापडला. मधात अधिक, पिनही नेमकी.

"तीन? जास्त नाही होत?" सलील म्हणाला.

"व्होल्ट तेवढेच लागते. अँपिअर जास्त असले तं चालते, दिवा आपल्यापुरतेच घेते," ममता म्हणाली.

दिवा लागला. दुकान बंद व्हायची वेळ आली तरी विझला नाही, आणि अडॅप्टर जेमतेम कोमट!

"बाबाराव, पोरगी लय हुशार आहे!" बाकावरचे मारोतराव म्हणाले.

"आहेच! शाबास, ममता!" काकांनी पेढ्यांचा डबा पुढे केला. "घे."

ममतानं हात मागेच ठेवले. "सगळ्यांसमोर बोलले ना? मंग सगळ्यांसमोर सांगा."

काकांनी घसा खाकरला. "चूक माझी होती. पोरीनं काही नव्हतं केलं."

तेव्हा कुठे तिनं डब्यात हात घातला आणि मोजून तीन पेढे उचलले.


"तिघांचे!" ती म्हणाली.