डावीकडे चार बोटं

बसा रे. लाईट काही दहाच्या आत येत नाही. नरेंद्र, तो टायर ओढ आणि टेक त्याच्यावर. आणि धम्मदिना, तो पत्रिकांचा खोका मांडीवर घेऊन किती वेळ बसशील? ठेव त्या गाडीच्या पायरीवर. सुकी आहे, सकाळीच पुसली मी.

तर तुम्हाला हीच गाडी पाहिजे. आत पलंग आहे, शेगडी आहे, चार दिवस पत्रिका वाटत वाड्यापर्यंत जाऊन येऊ म्हणता. मी नाही म्हटलं तर तुमचा बाप उद्या सगळ्या गल्लीत माझ्या नावानं शंख करेल, की सख्ख्या काकानं पुतणीच्या लग्नाला एक गाडी दिली नाही. म्हणून मी नाही का म्हणतो, ते आधी सांगतो. मग तुमचं तुम्ही ठरवा.

एक आधीच सांगून ठेवतो. आपल्या घरात देव नाही, तसं भूतही नाही. चाळीस वर्षं मी भिवंडीत गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. आवाज आला की कुठेतरी नट ढिला असतो, एवढंच मला कळतं. पण हे झालं केसरीनाथच्या बाबतीत, आणि ते त्यानं याच टायरवर बसून मला सांगितलं. केसरी खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. शाळेपासून बघतोय. त्या दिवशी नव्हते झाले.

केसरीनाथ कशेळीचा. भातशेती होती खाडीकाठी, पण याचं आयुष्य गेलं ट्रकवर. दोन हजार पाचला शेत गोदामवाल्यांना विकलं. हातात पैसा आला की लोक बंगला बांधतात, पोरांना मोटारसायकली घेतात. हा माझ्याकडे आला एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन. म्हणाला, "वाल्मीक, याचा घर बनव."

"घर?"

"अर्धा जलम केबिनमधी एकटा झोपलो. आता बायकोला घेऊन फिरन. नदीकाठी गाडी लावन, भाकऱ्या थापू, झोपू."

"या वयात?" मी म्हटलं. कमळवहिनी मागे उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून अशा हसल्या की बस.

बनवली मी. सीटा काढल्या, पलंग बसवला, पाण्याची टाकी, खिडकीला जाळी. डाव्या बाजूला एकच दार, आतून कडी. दाराखाली ही लोखंडी पायरी. माझ्या हातचं काम आहे, म्हणून एक गोष्ट मला पक्की ठाऊक. या पायरीवर माणूस उभा राहिला की गाडी डावीकडे बसते. चाकावरच्या स्प्रिंगचे, म्हणजे कमानीचे पाटेच तसे आहेत. उतरला की परत वर येते. हे ध्यानात ठेवा.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये केसरीच्या पोरीचं, पूर्वी नाव तिचं, लग्न ठरलं. त्याआधी तिचं एक स्थळ साखरपुडा होऊन मोडलं होतं. त्यामुळे वहिनींचा जीव टांगणीला. या वेळी कुणाचा मान द्यायचा राहायला नको, कुठे काही कमी पडायला नको, एवढाच एक घोर त्यांना. फेब्रुवारीत दोघं पत्रिका वाटायला निघाले, याच गाडीतून. टिटवाळा, खडवली, दिघाशी, गणेशपुरी. सगळे नातेवाईक नदीकाठचे. दिवसा पत्रिका द्यायच्या, रात्री नदीवर गाडी लावायची.

आता त्यांच्यातली रीत सांगतो, आपल्यात ती नाही. लग्नाचं बोलावणं म्हणजे नुसती पत्रिका नाही, अक्षत. हळदीत घोळलेले तांदूळ. ते हातात द्यायचे. पहिली अक्षत घरच्या देवाला, दुसरी गावदेवीला, तिसरी शेताच्या राखणीला. राखण म्हणजे बांधावरचा शेंदूर फासलेला दगड. पण ती माणसं त्याला दगड म्हणत नाहीत. म्हणतात, रात्री काठी टेकत शेताला फेरी घालतो, तो. केसरीचा बाप त्याला दर वर्षी नारळ आणि कोंबडा द्यायचा. त्या घरातलं एकही लग्न त्याला बोलावल्याशिवाय झालं नाही.

निघताना वहिनींनी विचारलं, "राखणीला अक्षत दिली?"

केसरी म्हणाला, "दिली."

कान लाल झाले असतीलच, पण त्या गडबडीत कान कोण बघतंय! दिली नव्हती. द्यायची तरी कुठे? दगड भरावाखाली गेला आणि वर सात नंबरचं गोदाम उभं राहिलं. जमीन विकताना राखणीला सांगावं लागतं, दुसरीकडे जागा द्यावी लागते. ते बापानं मरताना बजावून सांगितलं होतं. पण ज्या दिवशी बुलडोझर आला, त्या दिवशी हा शहाणा भाडं घेऊन सुरतेला निघून गेला. मुद्दाम. डोळ्यांआड झालं की झालं, असं त्याला वाटलं.

पहिली रात्र टिटवाळ्याला, काळू नदीवर. गुरुवार होता. रात्री वहिनींना जाग आली. गाडीभोवती कुणीतरी चालत होतं. ठक... मग दोन पावलं... ठक. एक फेरी झाली आणि थांबलं. केसरी म्हणाला, "कुत्रा असंल." वहिनी म्हणाल्या, "कुत्रा काठी घेऊन फिरतो?"

सकाळी पायरीवर चिखल. नदीचा असता तर वाळू असती, तांबडा गाळ असता. हा काळा होता, लोण्यासारखा, आणि त्याला खारट कुजका वास. खाडीचा चिखल. केसरी त्यात गुडघाभर उतरून लहानाचा मोठा झालेला. वासावरून ओळखलं त्यानं. वहिनी उठायच्या आत फडक्यानं पुसून टाकला.

दुसरी रात्र खडवलीला, भातसेच्या काठी. शुक्रवार, महाशिवरात्र. त्या रात्री दोन फेऱ्या. सकाळी पायरीवर परत तोच चिखल. या वेळी वहिनींनी पाहिला. नवऱ्याच्या कानांकडे बघितलं असणार.

तिसरी रात्र. शनिवार, सतरा फेब्रुवारी. अमावास्या. अमावास्येला अक्षत देत नाहीत, म्हणून दिवसभर गाडी तानसा नदीवरच, गणेशपुरीच्या अलीकडे. आजूबाजूला भाताची रिकामी खाचरं. शेवटची एसटी गेली आणि रस्ता बंद पडल्यासारखा झाला. दोघांनी सुकट-भाकरी खाल्ली. केसरीनं कडी लावली. दोनदा तपासली.

एक वाजून दहा मिनिटं. त्यानं घड्याळ बघितलं होतं.

ठक.

दोघंही जागेच होते. कुणी कुणाला सांगितलं नाही.

ठक... ठक... एक फेरी.

दुसरी.

तिसरी. तिसरी दारापाशी संपली.

मग गाडी डावीकडे बसली.

हळूच. माणूस गुडघ्यावर हात ठेवून पायरीवर टेकतो ना, तशी. टाकीतलं पाणी एका अंगाला गेलं, त्याचा आवाज आला. फळीवरचा पेला घसरत घसरत दाराकडे गेला... आणि दाराला टेकून थांबला.

खारट वास आला. जाळीतून.

वहिनींनी अंधारात विचारलं, "खरा सांगा. राखणीला अक्षत दिली का न्हाय?"

केसरीनं कूस बदलली.

"अवो..."

"न्हाय दिली."

गाडी आणखी खाली गेली.

वहिनी उठल्या. दिवा लावला नाही. चाचपडत अक्षतांची वाटी घेतली, नवऱ्याच्या हातात दिली. "बोलवा त्याला. पोरीच्या लग्नात मना काय कमी नको."

केसरी रडत होता. साठीचा माणूस, चाळीस वर्षं घाटातून ट्रक चालवलेला. मला सांगताना म्हणाला, कडीला हात लागेना. त्यानं चिमूटभर तांदूळ दाराखालच्या फटीतून बाहेर ढकलले. म्हणाला, "पोरीचा लगीन हाय. यवाचा."

बाहेर शांत.

पाटे हलले नाहीत. गाडी वर आली नाही.

"अक्षत हातात देतात," वहिनी म्हणाल्या. "कोंबड्यांना दाने टाकल्यासारखी टाकत न्हाय."

मग त्यानं कडी काढली.

दार सरकवलं. डोळे गच्च मिटले. तांदळाची मूठ अंधारात पुढे केली आणि बापाकडून ऐकलेलं जसंच्या तसं बोलला. "आमच्या पोरीचा लगीन हाय. तुमच्या घरचा कार्य हाय. यवाचा." आणि मूठ उघडली.

पायरी पत्र्याची आहे. मीच ठोकलीय. तिच्यावर तांदूळ पडले तर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो.

झाला नाही.

तळहाताखाली काहीतरी आलं होतं. गार. ओलं. त्यानं तांदूळ झेलले... आणि समोरचा हात मागे गेला.

दोघं वाट बघत राहिले. आता उठेल. आता गाडी वर येईल. एक तास... दोन तास... तीन तास...

नाही आली.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "घरी चला. घरी सोडून येऊ त्याला."

दार लोटलं आणि निघाले. दिघाशी गेलं, अंबाडी गेली. केसरी सांगतो, सगळ्या रस्त्यानं स्टेअरिंग डावीकडे ओढत होतं. दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं त्यानं. डाव्या आरशात दोघांनीही बघितलं नाही. भिवंडीत शिफ्ट सुटली होती, लूमवाले चहा पीत उभे होते. एक जण गाडीकडे हात करून ओरडला, "चाचा, दरवाज़े पे आदमी बैठा है!"

केसरीनं गाडी थांबवली नाही.

उजाडता उजाडता कशेळी. सात नंबरच्या गोदामासमोर त्यानं गाडी लावली. वॉचमन खुर्चीत झोपलेला. केसरी ड्रायव्हरच्या दारानं खाली उतरला, लांबूनच हात जोडले. "उतरा. घर आला."

समोर शटर. खाली काँक्रीट. बांध नाही, शेत नाही, दगड नाही. एक ट्रक शटरला पाठ लावून माल भरत होता.

गाडी तशीच राहिली.

हे सांगताना केसरी मला म्हणाला, "वाल्मीक, मी त्याला बोलवला. पन जायला त्याचा घर कुठं ठेवला मी?" मला त्या वेळी त्याची अशी दया आली... जाऊ दे.

लग्न छान झालं. कसलं विघ्न नाही. पूर्वी सुखात आहे. हळद झाली, वरात गेली, आणि चौथ्या दिवशी केसरी ही गाडी माझ्याकडे लावून गेला. म्हणाला, विकू नको, कुणाला देऊ नको. ठेव.

मी हसलो मनात. म्हटलं, पाटा तुटलाय, बाकी काही नाही. बोटं घालून मोजलं. चाक आणि मडगार्डमध्ये उजवीकडे आठ बोटं, डावीकडे चार. नवीन पाटे टाकले. दुसऱ्या दिवशी डावीकडे चार. परत बदलले, या वेळी ट्रकचे, जाड. डावीकडे चार. रिकामी गाडी. मग मी मोजणं सोडलं आणि पायरी पुसायला लागलो. रोज सकाळी पुसतो. कशासाठी, ते तुम्ही विचारू नका.

दर अमावास्येला केसरीचा फोन येतो. एवढंच विचारतो, "वर आली का?" मी म्हणतो, नाही. तो ठेवून देतो. दोन वर्षं झाली. पोरगी नांदतेय, पण याला झोप नाही. ज्याला बोलावलं तो अजून पायरीवर बसलाय, आणि त्याला कुठे नेऊन सोडायचं हे याला कळत नाही.

म्हणून गाडी देत नाही. तुमच्या बापाला काय सांगायचं ते सांगा. मी काही मानत नाही, पण...

आली. आली बघ लाईट. चला, साडेनऊ वाजले, उठा. धम्मदिना, खोका घे.

थांब.

काही नाही. तू खोका उचललास ना, तेव्हा मला वाटलं... नरेंद्र, जरा बाजूला हो. सावली पडते तुझी.

पायरीवर खोका ठेव म्हणून कुणी सांगितलं होतं? मीच ना. लग्नाच्या पत्रिका. अख्खा खोका, त्याच्या पुढ्यात. आणि मी शहाणा तासभर इथे बोलत बसलो.

उजवीकडे... चार आणि चार. आठ.

डावीकडे...

चार...

चार.

आठ.

नाही, हात लावू नकोस गाडीला. दोघंही इकडे या. माझ्याजवळ.

नरेंद्र, केसरीला फोन लाव. आज अमावास्या नाही, तरी लाव. आणि धम्मदिना, ऐक. पत्रिकेवर हॉलचा पत्ता छापलाय ना नीट? असू दे, असू दे, घाबरू नकोस. फक्त जेवणाला सांगशील तेव्हा एक पान जास्तीचं सांग.