तिसऱ्या फेरीला दगा

"तिसऱ्या फेरीला पुन्हा बंद," मेकॅनिकने हातमोजे बाकावर आपटले. "चार वेळा इंजिन उघडलं. प्लग नवे, पंप नवा, गाळणी नवी. आता जुना मीच तेवढा उरलोय."

"तुलाही बदलू," शर्यतवाल्या मुलीचे वडील म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान होतं. "हा घातपात आहे, आणि ह्या मोटरसायकलला हात फक्त तुझा लागतो. परवा शर्यत. संध्याकाळपर्यंत तपासाला बोलावलेल्या ह्या बाईंना दुसरा कोणी सापडला नाही, तर पेटी उचल."

खासगी तपास करणाऱ्या बाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचे यजमान मदत म्हणून तेलाचा डबा ओतत होते. डब्याला एकच भोक, तेल थेंबथेंब.

"हाही अडून बसलाय," ते कुरकुरले.

बाईंनी मेकॅनिकला विचारलं, "ताकद मोजलीत?"

"मोजली ना. चाचणीच्या रोलरवर चाक फिरवून पूर्ण दोनशे अश्वशक्ती. पण तिथे पाव मिनिटच पळवतो."

"आणि मैदानात?"

"सरळ पट्ट्यावर आचके देते नि मरते," मुलगी वैतागून म्हणाली. "पेट्रोल संपलं का बघायला झाकण उघडते. फुस्स होतं, अर्धी टाकी दिसते. झाकण लावलं की लगेच चालू. दोन आठवड्यांपूर्वी हीच वीस फेऱ्या मारायची."

"रात्री कुठे असते?"

"माझ्या खोलीत."

मुलीची आई मध्येच बोलली, "पेट्रोलच्या वासाने डोकं उठायचं. ह्यांना सांगून सांगून थकले. आता दोन आठवडे वास नाही, तेवढंच सुख."

बाई थांबल्या. मग खिळा घेऊन त्यांनी डब्याला दुसरं भोक पाडलं. तेल धारेने वाहिलं.

"अगं, हे आधी नाही का सांगायचं?" यजमान म्हणाले.

"आत्ताच कळलं हो. आत हवा गेल्याशिवाय बाहेर तेल येत नाही. टाकीचंही तसंच. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत जायला एक नळी असते. ती बंद झाली, तर पाव मिनिटात काही बिघडत नाही. पण एवढं मोठं इंजिन तीन फेऱ्यांत इतकं पितं, की पंपाला पेट्रोल ओढवत नाही. झाकण उघडलं की फुस्सकन हवा आत, आणि गाडी शहाणी."

"मी टाकी चारदा काढली," मेकॅनिक म्हणाला.

"नळी वरच्या टोकाने सोडवलीत. खालचं टोक?"

"ते तिथेच लटकतं."

"त्याच टोकातून वास यायचा. वास थांबला आणि गाडी गुदमरली, दोन्ही एकाच वेळी. मग वास थांबवला कोणी?"

बाईंनी गाडीखालून नळी ओढली. टोकाला करड्या रबराचं बूच होतं, औषधाच्या बाटलीचं. ते उपटून त्यांनी मेकॅनिकच्या हातात दिलं.

वडिलांकडे कोणी पाहिलं नाही. तेच म्हणाले, "मला वाटलं, पेट्रोल गळतंय. पोरगी तिथेच झोपते."

"बाबा, विचारायचं तरी," मुलगी म्हणाली आणि हेल्मेट चढवून निघाली.

तिसरी फेरी झाली. चौथी झाली. वडील बोटांवर मोजत होते. नवव्या फेरीलाही गाडी पळतच होती, तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं. त्यांनी बूच मागायला हात पुढे केला.

मेकॅनिकने ते आपल्या पेटीत टाकलं आणि झाकण लावलं.

"हे माझ्याकडे राहू द्या," तो म्हणाला. "पुन्हा मला काढायला निघालात, की दाखवीन."