बाळासाठी नेलेलं दूध

डेअरीच्या दारात ती घाईने वळली आणि थेट मालकावरच आदळली. त्याच्या हातातल्या बादलीतलं दूध त्याच्याच शर्टावर उडालं. शर्टाकडे त्याने पाहिलंही नाही. जमिनीवरच्या थेंबांकडे बघून मात्र हळहळला.

"दूध वाया गेलेलं बघवत नाही मला." मग तिचा कॅन बघून तो हसला. "एवढं दूध? कोण पिणार?"

प्रयोगशाळेत ती दुधाचं काय करते, हे सांगायला तिची जीभ रेटेना. "घरी... बाळ आहे."

"बाळ आहे की पैलवान?"

तेव्हापासून तो तिचं दूध आधी बाजूला काढून ठेवू लागला. "पैलवान काय म्हणतात?" असं रोज विचारायचा — आणि मग परक्याच्या बायकोशी फार बोललो की काय, म्हणून गप्प व्हायचा. त्याचं ते गप्प होणं तिला आवडू लागलं होतं... आणि स्वतःची शरम वाटत होती.

एका सकाळी दूध कमी निघालं. नेहमीच्या आजोबांना त्याने हात जोडले. "आज बाळापुरतंच आहे, आजोबा."

"बाळाचं आधी, बरोबर आहे," म्हणत आजोबा रिकामं भांडं घेऊन वळले.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हे आजोबांना द्या. बाळबीळ काही नाही... खोटं बोलले मी."

ती भडाभडा सांगत सुटली. गाईच्या पेशी दुधात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पिशव्या सोडतात. पोटातल्या आम्लातही त्या टिकतात. त्यांत औषध भरता आलं, तर रोज सुया टोचून घेणाऱ्यांना ते नुसतं पिता येईल... कदाचित. "पण त्या पिशव्या काढून घेतल्यावर उरलेलं दूध मोरीत ओतते मी. तुम्ही वाया जाण्याचं बोललात, आणि मला लाज वाटली."

तो कॅन घेऊन आजोबांमागे धावला. निघून जावंसं वाटूनही ती दारातच थांबली.

"वाईट वाटलं," परत येऊन तो म्हणाला. "दुधाचं कमी. खोटं बोललात, त्याचं जास्त."

"हो..." तिचे डोळे भरले.

"सुया टोचून घेणारे पुष्कळ असतात?"

"पुष्कळ."

"मग उद्या या. पण खरं सांगून न्या." तो जरा घुटमळला. "आणि... बाळाचे बाबा?"

"तेही नाहीत," ती पुटपुटली.

"मग इतके दिवस मी कुणाला भिऊन गप्प बसत होतो?"

लाजेने तिला अजून वर बघवत नव्हतं... पण हसू काही आवरेना.