लोखंडी टाळ्या

पहिल्याच भेटीत पुरुषाने परक्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवावं, हे आमच्या सेगेद शहरातसुद्धा सभ्यपणाचं समजत नाहीत. पण चोंगोरचा इलाज नव्हता. ट्रामच्या थांब्यावर त्याला फीट आली, आणि डोळे उघडले तेव्हा डोकं एमोके नावाच्या परक्या बाईच्या मांडीवर होतं.

"आपलं लग्न झालंय का?" त्याने विचारलं.

"अजून नाही. आधी तोंडाचं रक्त पुसा."

पुढे तो दाखल झाला तो नेमका तिच्याच वॉर्डात. नाट्यगृहात दिवे लावणारा माणूस; परत फीट येऊन शिडीवरून कोसळलेला. फीट उठते कुठून ते शोधायला डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत केसाएवढ्या तारा सोडल्या होत्या. एमोके मेंदूवर संशोधन करायची; त्या तारांमधून ती पेशींचं बोलणं ऐकायची. यंत्रात प्रत्येक पेशी वाजायची... टक्... टक्...

"काय म्हणतायत?"

"नुसता गलका. नाटक संपल्यावर टाळ्या कशा पडतात? ज्याची त्याची वेगळी. आणि मग—"

"मग सगळं थिएटर एका ठेक्यावर येतं. लोखंडी टाळ्या." आमच्याकडे नाटक रंगलं की प्रेक्षक असंच करतात, त्याने तर त्या रोज ऐकलेल्या.

"तसंच. मूठभर पेशी एका ठेक्यावर आल्या की चेहरा ओळखू येतो, गोष्ट लक्षात राहते. पण सगळंच थिएटर वाजवत सुटलं, थांबेचना—"

"की मी तुमच्या मांडीवर."

ती हसली नाही. निदान तसं दाखवलं तरी नाही.

एका सकाळी तिने त्याला फोटो दाखवले. तिसा नदीवरचा पूल—गलका. त्याची आई—थोडा ठेका. शेवटी, तुलनेला एक अनोळखी चेहरा हवा म्हणून, तिने स्वतःचाच फोटो घातला होता. रोज त्याच्या उशाशी बसणारी ही शहाणी स्वतःला अनोळखी समजत होती!

टक्—टक्—टक्—टक्. सगळ्या एकदम.

एमोकेने घाईने आवाज बंद केला. "तार हलली असेल."

"हललं खरं. पण तार नाही."

शेजारच्या खाटेवर देझो काका होते, तेही फीटचेच पेशंट. मधमाश्या पाळायचे. त्यांच्या घरून येणाऱ्या मासळीच्या रश्श्यात इतकी मिरची असायची, की वास पोचला तर खालच्या शवागारातले मुडदेही पाणी मागत उठतील. "डोकं उघडू देणार नाही," म्हणून काकांनी ऑपरेशन नाकारलं होतं. रविवारी न्याहारीच्या वेळी ते उशीत तोंड खुपसलेले सापडले. फीट येऊन गेली होती, आणि काकाही. त्या दिवशीच्या रश्श्याने कुणी उठलं नाही.

सोमवारी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. चोंगोरची फीट उठत होती ती एमोकेसाठी टाळ्या पडल्या त्याच कोपऱ्यातून. "चेहऱ्याची आठवण एका जागी नसते," बाई म्हणाल्या, "पण अलीकडचं बरंच जाईल. काय राहील, मी सांगू शकत नाही."

त्या गेल्यावर चोंगोर म्हणाला, "मी नाही कापून घेत."

"घ्यायचं."

"तू जाशील त्यात."

"जाऊ दे. देझो काकांसारखं तुला पालथं पडलेलं बघायचं नाहीये मला."

तिने त्याचा हात हातात घेतला. "आणि लग्नाला माझा होकार आहे."

"मी विचारलं कुठे?"

"नंतर विचारायला सुचेल न सुचेल... आत्ताच घेऊन टाक."

तो हसला, मग रडला. आणि ऑपरेशनला तयार झाला.

टाके सुकले. फीट गेली ती गेलीच. आई आठवली, शिडी आठवली, कोणता दिवा कुठे तेही. दारात एमोके दिसली तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "सिस्टर, पाणी मिळेल?"

तिने पाणी दिलं.

घरी सोडायच्या दिवशी तो दवाखान्याच्या बागेत बाकावर बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"मी सिस्टर नाही. एमोके."

"बरं... आपली ओळख आहे?"

"तुमचं माझ्यावर प्रेम होतं. माझं आहे."

त्याने तिचा चेहरा निरखून पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"मला खरंच काही आठवत नाही हो."

"माहीत आहे. कापताना मी तिथेच होते."

त्याने मान खाली घातली. मग हळूच बाकावर सरकला, जागा केली. ती बसली... दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून.