लाल दिवा लागलेला असताना

"अहो, तुमचा अख्खा ट्रक माझ्या आलेखात आलाय!"

राहनाळच्या गोदामात येऊन नीरजा ओरडली, तेव्हा फोर्कलिफ्टवरच्या तरुणानं आधी ट्रककडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"अख्खा? नंबर प्लेटसकट?"

ती भांडायचं ठरवूनच आली होती. पण ओठांनी दगा दिला...

हा दीपेश. गोदाम त्याच्या वडिलांचं, चांगदेवशेठचं. नीरजा भिवंडीतल्या एका शिक्षकांची मुलगी, मागच्याच गाळ्यातल्या प्रयोगशाळेत नोकरीला. पॅकिंगवर चढवायच्या अतिपातळ फिल्म किती ताठ आहेत, हे ती मोजायची.

"सुई अशी हळूच टेकवायची," तिनं त्याला आत नेऊन दाखवलं. "मग अगदी किंचित दाबायची. फिल्म किती दबली, सुई बसवलेली पट्टी किती वाकली, त्यावरून ताठपणा कळतो. बाहेर गाडी हलली की सगळं थरथरतं."

"आणि जोरात दाबलं तर?"

"मग खालच्या काचेचा ताठपणा येतो. फिल्मचा नाही."

"म्हणजे हळूच विचारलं तरच खरं बोलते... तुमच्यासारखीच."

"मी हळू विचारलं तरी बोलत नाही हं!" असं म्हणताना आपले कान तापलेत, हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रयोगशाळेच्या दारावर लाल दिवा बसवला. "मोजताना हा लाव. दिवा लागला की माझी एकपण गाडी हलणार न्हाय. बास?"

आणि खरंच हलायची नाही! हमाल वैतागायचे, "सेठ, फिर बत्ती!" चांगदेवशेठ तर फार चिडायचे. दीपेश मात्र खुशाल काचेच्या खिडकीबाहेर खोक्यावर बसायचा. आत बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळं खुणांवर चालायचं. त्यानं अंगठा ओठांशी नेला की 'चहा?' तिनं डोळे मिटले की 'हो'. कधीकधी मोजणी संपली तरी ती दिवा चालूच ठेवायची. त्याला ते ठाऊक होतं, पण त्यानं कधी चिडवलं नाही.

मग प्रयोगशाळा पुण्याला हलवायचं ठरलं. तो काहीतरी बोलेल, म्हणून नीरजा वाट पाहत राहिली. मास्तरांची शिकलेली पोरगी गोदामवाल्याला हसेल, म्हणून तो गप्प राहिला. त्यात त्याच्या घरी खारबावची मुलगी बघायचं निघालं.

त्या दुपारी लाल दिवा लागलेला असताना दार उघडलं.

"नीरजा, मला तुला एक विचारायचं हाय—"

सुई नुकती फिल्मवर टेकत होती. पडद्यावरची रेघ थरथरली. नीरजानं मागं न बघताच तळहात वर केला... थांब.

तो थांबला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. बाहेर कुठंतरी हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि दार अलगद लागलं.

ज्या माणसानं त्या दिव्यासाठी वडिलांची बोलणी खाल्ली, तो कधीच दिवा लागलेला असताना आत आला नव्हता. तिनं वळून बघायला हवं होतं. तशीही ती मोजणी बिघडलीच होती. तिनं सुई जरा बाजूला घेतली, पुन्हा टेकवली, आणि चहा पिऊन होईल एवढ्या वेळात काम झालंदेखील.

केस सावरत ती बाहेर धावली. खोक्यावर कुणी नव्हतं. दीपेशची बहीण दिपाली तेवढी उभी होती.

"दादा गेला खारबावला. बाबा गाडीत थांबले होते. 'एकदा तिला विचारतो, ती हो बोलली तर मी न्हाय यायचो,' असं सांगून आत गेलता. तू काय बोललीस त्याला?"

"काहीच नाही," नीरजा म्हणाली.

संध्याकाळी खारबावला सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. रीतच ती, द्यावेच लागतात.

"मी थांब म्हटलं होतं, दीपेश. नाही म्हटलं नव्हतं!"

"ठाऊक हाय. थांबलो पण होतो गं. बाबा हॉर्न वाजवत होते."

"मग आता सांग ना त्यांना..."

"ती पोरगी काल एवढी हसत होती, नीरजा. तिनं काय केलंय?"

 नीरजाच्या हातातला पेढा नुसता मऊ होत गेला.

"माझं उत्तर 'हो' होतं," ती म्हणाली.

"माझा प्रश्न तरी तोच होता का, विचार की..." त्यानं चिडवायचा प्रयत्न केला, पण आवाज मध्येच फाटला.

सामान हलवायच्या दिवशी त्यानं ते यंत्र स्वतः गोधड्यांमध्ये बांधलं, हमालांबरोबर खांदा लावून ट्रकमध्ये चढवलं. नीरजा ड्रायव्हरशेजारी बसली. तिच्याकडं न बघता तो एवढंच म्हणाला, "आराम से ले जाना भाई, नाजूक माल है."

कोन गाव मागं पडल्यावर ड्रायव्हरनं न राहवून विचारलं, "मॅडम, मशीन तो आपकी है ना? फिर सेठ क्यूँ रो रहे थे?"

"भैया... गाडी रोको."

त्यानं ट्रक बाजूला घेतला. नीरजानं दाराच्या कडीवर हात ठेवला. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न देत पुढं जात राहिल्या. खूप वेळानं तिनं हात काढून मांडीवर ठेवला.

"नहीं," ती म्हणाली. "चलो."