छोटी बोट की मोठी बोट

मी त्या दुकानात शिरले ती डायव्हिंगच्या मास्कचा तुटलेला पट्टा बदलून घ्यायला, आणि बाहेर पडले तेव्हा माझ्या हातात दोन बोटींची माहितीपत्रकं होती. पट्टा तसाच तुटका राहिला.

यात माझा दोष नाही. काउंटरवर जो बसला होता त्याचा आहे. तो फोनवर कुणाला तरी समजावत होता, "नाही हो काका, खालची केबिन नका घेऊ, इंजिन तुमच्या उशाशी येईल. वरची घ्या. सकाळी खिडकीतून ऊन येतं, थेट पायांवर." ते 'थेट पायांवर' त्यानं इतक्या आपुलकीनं सांगितलं की मला माझ्याच पायांची कीव आली. माझ्या खोलीत ऊन येत नाही. कामाच्या जागी तर खिडकीच नाही.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात. आधी मेण, मग दात बसवायचे, मग घासून घासून चकाकी आणायची. दहा वर्षांत कितीतरी लोकांची तोंडं मला पाठ झाली, चेहरा मात्र एकाचाही पाहिलेला नाही. सोबतीला एक बाई आहेत, त्या कानात रेडिओ घालून बसतात. संध्याकाळी त्या "येते हं" म्हणतात, तोच आमचा दिवसातला मोठा संवाद. घरी आल्यावर वाटायचं, सकाळी खुर्ची जशी तिरकी सरकवून गेले तशीच ती तिरकी उभी आहे. कुणी सरळसुद्धा केलेली नाही. एकटं राहणाऱ्यांना हे कळेल, बाकीच्यांनी पुढे वाचावं.

दोन वर्षांपूर्वी मी डायव्हिंग शिकले. पाठीवर हवेची टाकी लावायची आणि खाली जायचं. आवडण्याचं कारण सांगायला मला लाज वाटत नाही – पाण्याखाली कुणीच बोलत नाही. तिथं एकटं कोण आणि दुकटं कोण, ओळखू येत नाही. पण गंमत अशी, की या खेळाचा पहिलाच नियम आहे : एकट्यानं उतरायचं नाही. जोडीदार हवाच. एकाची हवा संपत आली की दोघांनीही वर यायचं. माझ्यासारखी एकटी कुणी आली, की आयत्या वेळी जो उरेल तो तिच्या गळ्यात. उरलेल्याला उरलेली.

"कुठल्या बोटीवर जायचंय?" फोन ठेवून त्यानं विचारलं. विचारताना मान किंचित डावीकडे वळवून उजवा कान पुढे केला. मला वाटलं, ही याची ऐट असावी.

"मला पट्टा हवाय."

"पट्टा मिळेल. पण हा तुटला तो वाळून. याला पाणीच लागलेलं नाही कित्येक महिन्यांत."

"दातांना सुट्टी नसते," मी म्हणाले. मग तो जरा घाबरल्यासारखा दिसला, म्हणून माझा धंदा सांगितला. तो हसला. वरचा एक दात किंचित आडवा होता. पहिल्यांदाच मी दात आणि चेहरा एकत्र बघत होते... बरं वाटलं.

त्यानं दोन पत्रकं माझ्यापुढे सरकवली. दोन्ही मुक्कामी बोटी होत्या – आठवडाभर तिथंच राहायचं, तिथंच झोपायचं, आणि दिवसातून तीन वेळा पाण्यात उडी मारायची. मोठी बोट चोवीस माणसांची, गुबगुबीत खुर्च्या, वर गच्ची, शांत उथळ खाड्यांमधून फिरणारी. छोटी लाकडी, आठ माणसांची, एकावर एक बाकडी, सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. पण छोटी दूर जायची, दोन बेटांमधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात, जिथं मांटा येतात. मांटा म्हणजे एका खोलीएवढा पसरट मासा, पंख हलवत उडतो तसा पोहतो. मी दोन वर्षं त्याचं चित्र कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलं होतं.

"विचार करून सांगते," मी म्हणाले. आणि विचार करायला दर दोन दिवसांनी तिथंच जाऊ लागले.

त्याच्याकडे एक जाडजूड वही होती. परत आलेल्या प्रत्येकाला तो समोर बसवायचा आणि विचारायचा, बोट कशी होती? मग लिहून घ्यायचा. 'शिडीची तिसरी पायरी निसरडी.' 'स्वयंपाकी तापट, पण हाताला चव.' 'चार नंबरच्या केबिनचं दार लावताना उचलून लावावं.' मला ती वही वाचायला फार आवडायची. तो पाण्याबद्दल असं बोलायचा, की दुकानात बसल्या बसल्या माझ्या कानांत दडे बसायचे.

"तुम्हाला सकाळी उठल्या उठल्या बोलायला आवडतं का?" एकदा त्यानं विचारलं. "केबिनमधल्या सोबतीसाठी विचारतोय."

"माहीत नाही. कधी वेळ आली नाही."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"ग्राहकाचा खासगी तपशील आहे. ग्राहकाला दाखवता येत नाही."

रविवारी ताईचा फोन आला, की ती आधी विचारायची, "बोटवाला काय म्हणतोय?" आणि मग, "अगं, बोटीचं ठरतंय की आणखी कशाचं?" ताई दुसऱ्या गावी, दोन मुलांच्या गदारोळात, आणि तरीही तिला सगळं आधी कळतं. मी म्हणायचे, "तुझं आपलं काहीतरीच."

तिसऱ्या आठवड्यात मी धीर केला. "छोटीवरच जाईन म्हणते. पण जोडीदार... तुम्हीच का येत नाही?" हे वाक्य मी बसमध्ये सहा वेळा म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते भलतंच घाईघाईनं निघालं.

त्यानं पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "मी?... हो. म्हणजे, बघू ना. फॉर्म तर आणून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही समोरासमोर बसून दोन फॉर्म भरत होतो. मला काय सुख झालं होतं म्हणून सांगू. तब्येतीचे तीसेक प्रश्न होते, पाण्यात उतरणाऱ्यानं सगळ्यांपुढे 'नाही' लिहायचं असतं. मी आपली मोठ्यानं वाचत होते. "दम लागतो का? नाही. चक्कर येते का? नाही. गरोदर आहात का? अहो, तुम्हीही लिहा, रिकामं ठेवायचं नाही." तो हसला नाही. मी मान वर केली. त्याचं पेन कानाच्या प्रश्नावर थांबलं होतं, आणि पुढे त्यानं नीट अक्षरात लिहिलं होतं : हो.

"डावा पडदा फाटलाय," तो म्हणाला. "लहानपणीच. दोनदा ऑपरेशन झालं. मी बादलीत डोकं घातलं तरी डॉक्टर रागावतात."

"म्हणजे तुम्ही कधीच..."

"कधीच नाही. मी सांगतो ते सगळं लोकांकडून ऐकलेलं."

"मग कालच सांगायचं होतंत."

"काल तुम्ही विचारलंत ना," तो फॉर्मकडे बघत म्हणाला. "म्हटलं, एक दिवस तरी वाटू द्यावं, की आपण जातोय."

मला तो आवडत होता, हे मला तेव्हा अगदी लख्ख कळलं, ताईला तीन आठवडे आधी कळलं होतं तितकं. मी म्हणाले, "मग मोठी बोट घेऊ. तिच्यावर पाण्यात न उतरणारेही चालतात ना? छोटीवर नाही चालत, पण मोठीवर चालतात. तुमच्याच वहीत लिहिलंय."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यानं मोठ्या बोटीचं पत्रक उचलून खणात ठेवलं.

"नको," तो म्हणाला. "छोटीच घ्या."

"का?"

"मांटा छोटीवरूनच दिसतात. आणि तुमच्यासाठी एकच जागा उरलीय. उद्या नसेल."

बस्स. एवढंच. मी छोटीचा फॉर्म भरला, सही केली, आणि "बराय" म्हणून निघाले. वाटेत मनाची समजूत घातली, की भल्या माणसानं भलेपणानं नकार दिला, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वाईट मात्र पोटभर वाटलं.

ताई म्हणाली, "तो छोटी म्हणाला. नाही कुठं म्हणाला?"

"एकच झालं."

"एकच नाही झालं," ताई म्हणाली, पण तिच्याकडे मुलं भांडायला लागली आणि फोन तिथंच राहिला.

पाण्यात वाट दाखवणाऱ्या गाईडबाई सोडल्या, तर छोट्या बोटीवर आम्ही आठ जण होतो. तीन जोडपी, मी, आणि एक निवृत्त हेडमास्तर. म्हणजे माझा जोडीदार कोण, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. सगळी माणसं चांगली होती, मला आग्रहानं खेळायला बोलवायची, आणि पत्ते वाटताना जोड्या पाडायची वेळ आली की क्षणभर सगळे माझ्याकडे बघून गप्प व्हायचे. माणसांच्या गर्दीतला एकटेपणा माझ्या बिनखिडकीच्या खोलीतल्याहून जड असतो, हे तिथं कळलं.

हेडमास्तर पाण्यात घाबरे. भसाभसा श्वास घ्यायचे. पंचवीस मिनिटांत त्यांची हवा संपायची, ते ओशाळून अंगठा वर करायचे, म्हणजे 'वर चला', आणि नियमाप्रमाणे मीही वर. तिसऱ्या दिवशी त्या चिंचोळ्या पट्ट्यात उतरलो. आम्ही दोघं शिडी चढून टॉवेल गुंडाळून बसलो, आणि वीस मिनिटांनी बाकीचे सहा जण आरडाओरडा करत वर आले. मांटा आले होते. दोन. डोक्यावरून गेले. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशीही तेच.

सहाव्या दिवशी हेडमास्तर अंगात सूट न चढवताच डेकवर येऊन बसले. "आज मी वर थांबतो. तुम्ही त्या गाईडबाईंबरोबर जा. माझ्यामुळे तुमचं राहतंय."

"राहू दे हो सर."

"मी शिक्षक आहे, माझं ऐकायचं," ते म्हणाले.

आणि मांटा आला. खालच्या निळ्या अंधारातून आधी एक फिकट कड दिसली, मग ती पसरत पसरत एवढी मोठी झाली की माझ्यावरचा उजेड गेला. तो माझ्या अगदी वरून गेला, पोट पांढरं, कल्ल्यांच्या फटी मोजता येतील इतक्या जवळ. मी हलले नाही. टेबलासमोरचं चित्र मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. मला आठवला तो, काउंटरवर पेनचं टोपण काढणारा-लावणारा. वर जाऊन आता कुणाला सांगू, हा विचार मनात आला, आणि दोन वर्षं जे मागितलं ते डोक्यावरून जात असताना मला रडू फुटलं. मास्कमध्ये रडता येतं. फक्त पुसता येत नाही.

वर आले तर तिन्ही जोडपी पाण्यातच एकमेकांच्या गळ्यात पडली होती. मी एकटीच शिडीकडे आले. वरून हेडमास्तरांनी हात पुढे केला.

"अठ्ठेचाळीस मिनिटं," ते म्हणाले. "तुमचे बुडबुडे मला ओळखू येत होते. सगळ्यांच्या जरा बाजूला होते. ते दिसेनासे झाले की माझा जीव खालीवर व्हायचा. दिसला?"

मी मान हलवली. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर बसलेला माणूस काही मागे राहिलेला नसतो. आजवर मी किती वेळा पाण्यातून वर आले असेन, पण माझे बुडबुडे कुणी मोजले नव्हते. आणि ज्यानं मोजले असते त्याला मी एक 'नको' ऐकून, पुढचा प्रश्नही न विचारता सोडून आले होते.

धक्क्यावर तो आला नव्हता. येणार तरी का? मी ओली बॅग घेऊन तडक दुकानात गेले. तो फोनवर होता. मला बघितलं आणि म्हणाला, "काका, मी नंतर करतो." मग मला खुर्ची दाखवली आणि वही उघडली. मी बसले नाही.

"बोट कशी होती?"

"न्हाणीघराची कडी लागत नाही. गाणं म्हणावं लागतं."

त्यानं लिहिलं. "आणि?"

"वरचं बाकडं घेणाऱ्यानं झोपेत उठून बसू नये."

तेही लिहिलं. मग पेन थांबलं. "मांटा?"

"दिसला."

"कसा होता?" हे त्यानं वहीसाठी विचारलं नव्हतं. उजवा कान पुढे केला होता, आणि पेन खाली ठेवलं होतं.

"नाही सांगणार. सांगायचं ते शिडीवर, अंगावरून पाणी निथळत असताना. इथं वाळून आल्यावर काय सांगायचं? तुम्ही छोटी घ्या म्हणालात. का म्हणालात?"

"मोठी घ्या म्हटलं असतं, तर ते माझ्यासाठी झालं असतं," तो हळू म्हणाला. "तुम्ही मोठीवर आला असता, मांटा दिसला नसता, आणि पुढे कधीतरी तुम्ही माझ्याकडे बघून... मला ते चाललं नसतं."

"मोठ्या बोटीवर दोन जागा आहेत का?"

त्यानं खणाकडे हात नेला, आणि मध्येच थांबवला. "विचार करा. मी नुसता वर बसून राहणार, सात दिवस. पाण्याकडे बघत. तुम्हाला कंटाळा येईल माझा."

"माझं सोड," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळलं, दोघांनाही कळलं नाही. "तुला कंटाळा येईल का, ते सांग."

"मला?" तो म्हणाला. "मी गेले सात दिवस इथं बसून तेच करतोय."

मग मात्र मी खुर्ची ओढून बसले, आणि मांटाबद्दल पहिल्यापासून सांगायला लागले.