भेंडाची गोळी

शरच्चंद्र सरांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि दर सहामाहीला पेपरात एक प्रश्न हटकून घातला. प्रभारित केलेली भेंडाची गोळी रेशमी दोऱ्याला अगदी सरळ लटकते आहे. म्हणजे आसपास दुसरा प्रभार नाही, असं म्हणता येईल का? सगळा वर्ग 'हो' लिहायचा आणि सगळ्या वर्गाचे दोन गुण जायचे.

"अरे, दोन्हीकडून सारखाच धक्का बसला, तर बिचारी जाईल कुठं?" सर विचारायचे, आणि पोरं कपाळावर हात मारून घ्यायची.

निवृत्तीनंतरही ही गोळी त्यांच्या शबनममध्ये असे. दोन हजार तीनच्या जानेवारीत ते दर गुरुवारी कर्वेनगरहून खराडीला जात. तिथं कॉम्प्युटरचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्यांचा जुना विद्यार्थी दिग्विजय मॅनेजर होता. अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगीही चिप जाळते, हे नव्या मुलींना पटवण्यासाठी त्यानं सरांना बोलावलं होतं. कामाच्या हॉलआधी लिफ्टएवढी एक खोली होती. तिला पुढंमागं काचेची दारं. आत शिरलं की मागचं दार बंद होई. मग पितळी पट्टीवर पाय ठेवायचा आणि बटणावर अंगठा. अंगावर प्रभार नसेल तर हिरवा दिवा लागून पुढचं दार उघडे. लाल लागला तर दोन्ही दारं बंद.

त्या गुरुवारी दुपारी दाराशी रुपाली उभी होती. लातूरकडची, एकोणीस वर्षांची, नोकरीचा तिसराच दिवस.

"सर, मला मशीन पासच करत नाही. दोन दिवस किल्लीनं दार उघडावं लागलं. माझ्या अंगातच करंट हाय म्हणायल्यात पोरी. आज पास नाही झाले तर उद्यापासून येऊ नको म्हणलेत."

"अंगात करंट असता तर आपण तुलाच पंखा जोडला असता," सर म्हणाले. "चल, मी येतो आत. तू कोरी आहेस, हे गोळीच सांगेल."

"एकेक जा, सर," वॉचमन मच्छिंद्र म्हणाला. तो मूळ खराडीचाच. "मशीनला दोन माणसं चालत न्हाईत. हितं आमचा हरभरा व्हायचा, तवा कुणी अंगठा मागत नव्हतं."

सर हसले आणि रुपालीबरोबर आत गेले. मागचं दार लागलं. बाहेरचे आवाज एकदम बंद झाले. आत नव्या रंगाचा वास होता आणि हवा इतकी कोरडी, की ओठ ताणले जात होते.

सरांनी शबनममधून गोळी काढून दोऱ्यानं लटकती धरली, प्लास्टिकची पट्टी टेरिकॉटच्या बाहीवर घासली आणि गोळीजवळ नेली. गोळी झेपावली, पट्टीला चिकटली आणि लगेच दूर पळाली.

"आता दोघींवर एकच प्रभार आहे. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात. लक्षात ठेव, गोळी ओढली गेली तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. कोऱ्या वस्तूकडेही ती जाते. ढकलली गेली, तरच समोर प्रभार नक्की आहे."

त्यांनी गोळी रुपालीजवळ धरली. ती किंचित तिच्याकडे झुकली.

"बघ, ढकलली गेली नाही. तुझ्यावर प्रभार आहे, असं काही गोळी म्हणत नाही."

रुपालीनं अंगठा टेकवला. लाल दिवा.

सर वळले तेव्हा हातातली गोळी त्यांच्याबरोबर वळली नाही. डावीकडच्या कोपऱ्यापासून ती दूर सरली आणि तिरकी उभी राहिली. कोपऱ्यात काहीच नव्हतं. पांढरी भिंत आणि पांढरी फरशी.

सरांनी हात बदलला, पंखा शोधला, श्वास रोखला. गोळी कोपऱ्याकडे पाठ करूनच राहिली.

"सर, काय झालं?"

"काही नाही. परत अंगठा लाव."

लाल. दोरा आणखी तिरका झाला. अंतर निम्मं झालं की बल चौपट होतं, हे त्यांनी हजारो मुलांकडून घोकून घेतलं होतं. कोपऱ्यात जे होतं, ते आता कोपऱ्यात नव्हतं.

रुपालीच्या वेणीतून सुटलेले केस डावीकडे उचलले गेले. तिनं ते कानामागं सारले. ते पुन्हा उचलले गेले.

सरांनी काच वाजवली. पलीकडं मच्छिंद्र काहीतरी बोलत होता, आवाज येत नव्हता. त्यानं किल्ली फिरवून दाखवली. दार हललं नाही. त्यानं पाच बोटं दाखवली आणि तो धावत गेला.

"सर, मला भ्या वाटायलंय."

"माझ्या मागं ये. पट्टीवर पाय ठेव."

सरांनी चपला काढल्या. अर्थिंग केलेला पडदा मध्ये आला, की पलीकडं बल पोचत नाही. एक हात दाराच्या लोखंडी चौकटीवर घट्ट दाबून ते तिच्या आणि त्या रिकाम्या जागेच्या मध्ये उभे राहिले. गालाला कोळिष्टक लागल्यासारखं झालं.

"आता लाव अंगठा."

हिरवा.

दार सरकलं. रुपाली बाहेर पडली आणि तिनं मागं हात केला, पण दार एकाच माणसासाठी उघडत होतं. ते लागलं.

सरांनी पट्टीवर पाय ठेवून अंगठा टेकवला.

लाल.

पलीकडं रुपाली काचेला चिकटून उभी होती. तिनं सरांच्या हाताकडं बोट दाखवलं. तिचा चेहरा एकदम उजळला. आवाज येत नव्हता, पण ओठ कळत होते. "सरळ झाली, सर! गेलं ते!"

सरांनी खाली पाहिलं.

गोळी सरळ लटकत होती. जराही हलत नव्हती.

या उत्तराला त्यांनी चौतीस वर्षं शून्य दिलं होतं.

त्यांनी बाह्या वर सारल्या. डाव्या हातावरचे पांढरे केस डावीकडे उभे राहिले होते.

आणि उजव्या हातावरचे उजवीकडे.